‘रेन चेक’ म्हणजे होकार की नकार?

प्रश्न : मी मिहानमधील एका कंपनीत नोकरी करते. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले तरी इंग्रजी व्याकरणाची मला फारशी अडचण येत नाही. मात्र अमेरिकी सहकाऱ्यांच्या बोलण्यात ‘बॉलपार्क फिगर’, ‘टच बेस’, ‘रेन चेक’ असे काही आले की मी गोंधळते. हे वाक्प्रचार कसे शिकावेत?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणे बेसबॉलमधून आलेली आहेत. इंग्लंडमधील ‘स्टिकी विकेट’, म्हणजे अडचणीची परिस्थिती, आपल्याला चटकन उमगते, कारण भिजून वाळू लागलेल्या खेळपट्टीवर फलंदाजाची काय अवस्था होते, हे क्रिकेट पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून सुटे वाक्प्रचार घोकण्याआधी त्या खेळाचे ढोबळ नियम समजून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे मैदान आणि ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अदमासे आकडा. धावणाऱ्या खेळाडूला प्रत्येक बेसला, म्हणजे मैदानावरील ठरावीक थांब्याला, स्पर्श करावा लागतो. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे. ‘रेन चेक’ मात्र जपून ऐकावे. पावसामुळे सामना थांबला तर पुढच्या सामन्याला प्रवेश देणारी चिठ्ठी प्रेक्षकांना मिळे, आणि १८८०च्या दशकापासून तिला हे नाव आहे. आज जेवणाच्या आमंत्रणावर कोणी ‘रेन चेक’ म्हणाले, तर तो आजच्यापुरता सौजन्याने दिलेला नकार असतो. पुढे कधीतरी येण्याची इच्छा त्यात व्यक्त होते, पण तारीख ठरली असे समजू नये.

वाक्प्रचाराचे रूपही सांभाळावे लागते. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. त्याचा कर्मणी प्रयोग केला तर मरणाचा अर्थ जाऊन केवळ लाथ मारलेली बादली उरते. उलट गुपित फोडणे या अर्थाचा ‘स्पिल द बीन्स’ कर्मणीतही चालतो. याचा सरसकट नियम सांगता येत नाही, म्हणून ऐकलेले पूर्ण वाक्य, ते कोणी कोणाला उद्देशून म्हटले यासह, वहीत उतरवून ठेवावे. आपल्याकडे शाळेत हमखास पाठ करून घेतला जाणारा, मांजरे-कुत्र्यांच्या पावसाचा वाक्प्रचार तिकडे आता जुनाट वाटतो. तो खुशाल बाजूला ठेवा.

स्वतः वापरण्याची घाई नको, आधी कानाला सवय होऊ द्या. बैठकीत शंका आलीच तर वाक्प्रचाराचा अर्थ विचारण्याऐवजी कामाचा प्रश्न साध्या इंग्रजीत विचारा : आकडा नेमका हवा आहे की अंदाजे, आणि कधीपर्यंत?