वाचकांचे प्रश्न : प्राध्यापकांचा लेखनगट आणि रखडलेला शोधनिबंध

प्रश्न : मी गोव्यातील डिचोली तालुक्यात राहते आणि एका महाविद्यालयात मराठी शिकवते. शेजारच्या सत्तरी तालुक्यातील रणमाले या लोकनाट्यावरचा माझा पीएच.डी.चा प्रबंध मान्य होऊन काही वर्षे झाली, तरी त्यातून एकही लेख छापून आलेला नाही. आठवड्याचे सोळा तास शिकवणे, अंतर्गत परीक्षा आणि प्रवेशाची कामे यांतून लिहायला बसणे होतच नाही. आमच्या प्राचार्यांनी प्राध्यापकांचा लेखनगट सुरू करण्याचे सुचवले आहे, पण त्यात रसायनशास्त्र, वाणिज्य, इतिहास असे सगळ्याच विषयांचे सहकारी असतील. ज्यांना माझा विषय ठाऊक नाही, त्यांच्यासोबत बसून माझा लेख पुढे कसा जाणार?

उत्तर : लेखनगट म्हणजे एकमेकांचे लेख तपासून देणारी मंडळी, असा समज आपल्या शंकेमागे दिसतो. तो बहुतेकांचा असतो, आणि त्याच समजापोटी अनेक गट दोन-तीन बैठकांतच बारगळतात. गटाचे पहिले काम लेखनाची वेळ राखणे हे आहे. लेख वाचून मत देणे हे दुसरे, आणि ते बरेच नंतरचे. वेळ राखण्यासाठी रणमाल्याची माहिती असावी लागत नाही. तुमच्या तासाला वेळापत्रकात जागा असते आणि वर्गात विद्यार्थी वाट पाहत असतात, त्यामुळे तो तास कितीही थकवा असला तरी होतो. लेखाची वाट मात्र कोणीच पाहत नसते. म्हणून तो आधी चतुर्थीच्या सुट्टीवर ढकलला जातो, तिथून नाताळच्या सुट्टीवर आणि तिथून मे महिन्यावर. आणि मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात येतात.

या बाबतीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेली पाहणी आजही उल्लेखिली जाते. नव्याने नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाने आपली जुनी सवय चालू ठेवली, म्हणजे मोठी सलग सुट्टी मिळेल तेव्हाच लिहायचे. त्यांची वर्षाची सरासरी 17 पाने भरली. दुसऱ्या गटाने रोज थोडे लिहून त्याची नोंद ठेवली आणि त्यांची सरासरी 64 पानांवर गेली. तिसऱ्या गटाने हेच केले, शिवाय दर आठवड्याला आपली नोंद दुसऱ्या कोणाला तरी दाखवली. त्यांची सरासरी 157 पाने झाली. पाहणी लहान होती आणि तिच्यात पाने मोजली होती, पानांचा कस नव्हे, हे विसरू नये. तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक लक्षात घेण्यासारखा आहे, कारण वेळ आणि शिस्त दोघांकडेही होती. तिसऱ्या गटाला फक्त विचारणारे कोणी तरी होते.

तेव्हा सुरुवात साधीच करावी. चार ते सहा जण पुरेत. त्याहून जास्त झाले की एखादा आला नाही तरी चुकल्यासारखे वाटत नाही. आठवड्यातला एक वार आणि दीड तास ठरवावा, आणि बसायला स्टाफरूम घेऊ नये, कारण तिथे कोणी तरी पर्यवेक्षणाचा तक्ता घेऊन येतोच. ग्रंथालयाचा एखादा कोपरा किंवा तास नसलेला वर्ग बरा. पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने आज काय लिहिणार ते सांगावे, पण ‘प्रबंधातून लेख काढणार’ असे नव्हे. ‘क्षेत्रभेटीच्या पद्धतीवरचे दोन परिच्छेद लिहिणार’ इतके नेमके सांगावे, म्हणजे दीड तासाने ते झाले की नाही हे सांगता येते. मग तासाहून थोडा अधिक वेळ सगळ्यांनी गप्प बसून लिहावे, मोबाइल बॅगेत असावेत, आणि शेवटी प्रत्येकाने काय झाले ते एका वाक्यात सांगून उठावे. या बैठकीत कोणीही कोणाचे लिखाण वाचू नये. आरंभी हे कोरडे वाटेल, पण कच्चा मजकूर दाखवावा लागेल या धास्तीने न येणारे सहकारी याच अटीवर यायला लागतात.

वाचनाची बैठक वेगळी आणि महिन्यातून एकदाच ठेवावी. ज्यांचा मजकूर वाचायचा त्यांनी चार-पाच पाने दोन दिवस आधी द्यावीत आणि वाचणाऱ्यांनी नेमके काय पाहावे तेही कळवावे. विषय ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याचा खरा उपयोग इथे होतो. समजा, आपल्या लेखाची सुरुवात ‘प्रस्तुत शोधनिबंधात सत्तरी तालुक्यातील रणमाले या लोकनाट्याचा सांगोपांग अभ्यास केला आहे’ अशी आहे. मराठीचा प्राध्यापक हे वाक्य सहज ओलांडून पुढे जाईल, कारण अशी वाक्ये त्याने शेकड्यांनी वाचलेली असतात आणि बहुधा लिहिलेलीही असतात. रसायनशास्त्राच्या बाई मात्र विचारतील, ‘अभ्यास केलात, मग सापडले काय?’ लेख अडला आहे तो नेमका याच प्रश्नापाशी. रामायणातला एकच प्रसंग दोन गावांत वेगळ्या रीतीने सादर होत असेल आणि त्या वेगळेपणाचे कारण आपल्याला दाखवता येत असेल, तर ते कारण पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजे.

प्रबंधाचे प्रकरण जसेच्या तसे उचलून पाठवले की ते परत येते, त्याचेही मूळ इथेच आहे. आपण सगळे वाचले आहे हे परीक्षकांना पटवण्यासाठी प्रकरण लिहिलेले असते. त्यामुळे त्यात लोकनाट्याच्या व्याख्या येतात, तालुक्याचा भूगोल येतो आणि पूर्वसूरींचा आढावा पानेच्या पाने चालतो. लेखात एकच म्हणणे मांडायचे असते आणि बाकी सगळे त्याला लागेल तेवढेच घ्यायचे असते. काय गाळायचे हे ठरवताना स्वतःचा हात आखडतो, कारण प्रत्येक परिच्छेदामागे मेहनत असते. परक्या विषयाचा वाचक ‘हे नसले तरी मला समजले’ असे सहज सांगू शकतो. विषयातली चूक मात्र त्याला दिसणार नाही. त्यासाठी अंतिम मसुदा आपल्या मार्गदर्शकांना किंवा लोककलेच्या एखाद्या अभ्यासकाला दाखवावा, आणि पुढे नियतकालिकाचे परीक्षक आहेतच.

त्या परीक्षकांच्या अभिप्रायाबद्दलही आताच सांगून ठेवतो. ‘मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवावा’ असे पत्र आले की आपल्याकडे कित्येक जण तो नकार समजून लेख कपाटात ठेवून देतात. वास्तविक संपादकाला लेखात रस नसता, तर त्याने दुरुस्त्या सांगण्याचे कष्ट घेतले नसते. असे पत्र गटात मोठ्याने वाचावे, प्रत्येक आक्षेप एका रकान्यात लिहावा आणि त्यासमोर ‘केले’, ‘अंशतः केले’ किंवा ‘केले नाही, कारण’ असे मांडत जावे. जिव्हारी लागलेली टीका दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिच्यातला कामाचा भाग वेगळा काढता येतो. लेख मराठीतच लिहावा, असे माझे मत आहे. रणमाल्याच्या गीतांचे बारकावे इंग्रजीत नेताना निम्मी ताकद भाषांतरात खर्ची पडेल, आणि ‘नवभारत’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांसारख्या नियतकालिकांनी मराठीतल्या गंभीर लेखनाला आजवर जागा दिलेली आहे.

प्रश्न : मी मडगावात वाणिज्य शाखेत शिकवतो. आमच्या लेखनगटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझा मसुदा वाचून चांगल्या सूचना केल्या. आता सहलेखक म्हणून आपले नाव घालावे, असे ते आडून सुचवत आहेत. शुल्क भरल्यास पंधरा दिवसांत लेख छापणारे एक नियतकालिकही त्यांनी सुचवले आहे. यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांची, यादी आता राहिली नाही, मग पारख कशी करावी?

उत्तर : सूचना करणारा सहलेखक होत नाही. संशोधनाची आखणी, माहितीचे संकलन किंवा विश्लेषण आणि प्रत्यक्ष लेखन यांत ज्याचा भरीव वाटा आहे आणि छापून आलेल्या मजकुराची जबाबदारी घ्यायला जो तयार आहे, तोच लेखक. गटातील वाचकांचे ऋण लेखाच्या शेवटी नावानिशी मानावे. तेच त्यांचे योग्य स्थान आहे. ज्येष्ठांना हे तोंडावर सांगणे अवघड जाते याची कल्पना आहे. म्हणून एकट्याने सांगण्याऐवजी पुढच्या बैठकीत ‘गटातील वाचनासाठी केवळ ऋणनिर्देश’ असा लेखी नियम सर्वांसाठी मांडावा, म्हणजे बोट कोणा एकाकडे जाणार नाही.

नियतकालिकाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. केअर यादी बंद करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केला आणि नियतकालिक निवडण्यासाठी काही सूचक निकष दिले. म्हणजे आपल्यासाठी दुसरे कोणी तरी करत असलेली पारख आता संस्थांवर आणि आपल्यावर आली आहे. माझ्या मते लेखनगटाचे हे एक खास काम ठरावे, कारण एकट्या माणसाला छापून येण्याची घाई असते आणि इतर चौघांना ती नसते. नियतकालिकाचे मागील दोन-तीन अंक काढून त्यांतले लेख खरोखर वाचावेत. संपादक मंडळावरील व्यक्ती त्याच विषयाच्या आहेत का आणि त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव आढळते का, हे पाहावे. एकाच अंकात शेती, योग, बँकिंग आणि कबीर एकत्र नांदत असतील तर सावध व्हावे. आयएसएसएन क्रमांक ही नियतकालिकाची ओळख असते, गुणवत्तेची खूण नव्हे. शुल्क घेतले म्हणजे फसवणूकच असे नाही. मुक्त प्रवेशाची, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणारी, अनेक प्रतिष्ठित नियतकालिकेही शुल्क घेतात. परंतु दोन परीक्षकांनी वाचून, लेखकाने दुरुस्त करून, संपादकाने पुन्हा पाहून लेख पंधरा दिवसांत छापला जाईल, हे आश्वासन पटण्यासारखे नाही. तिथे बहुधा शुल्कापलीकडे कोणी काही वाचत नाही.

प्रश्न : पणजीतील आमच्या लेखनगटाची मी संयोजिका आहे. आता आयक्यूएसीने, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने, दरमहा उपस्थितीपत्रक आणि प्रत्येक सदस्याच्या लेखांची स्थिती मागितली आहे. हा नियम आल्यापासून दोघे यायचे थांबले. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी नोंद तर हवी, मग काय करावे?

उत्तर : नोंद द्यावी, पण गटाची द्यावी, माणसांची नव्हे. सत्रात किती बैठका झाल्या, कोणकोणत्या विभागांचे प्राध्यापक आले आणि वर्षाअखेर किती लेख प्रसिद्ध झाले, एवढे पुरेसे आहे. कोणाचा मसुदा कुठे अडला आहे ही माहिती व्यवस्थापनाकडे गेली, की पुढच्या बैठकीत प्रत्येक जण झालेलेच काम सांगतो आणि अडलेले झाकतो. मग गट उरतो तो कागदावर. प्रकाशनाचा दबाव तसाही कमी नाही. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी किमान सात शोधलेख लागतात आणि महाविद्यालयात प्राध्यापक पदावर बढती हवी असेल तर दहा. त्यावर मासिक हजेरीची भर घालून एखादा लेख वाढेल, असे मला वाटत नाही.

गेलेल्या दोघांशी आपण स्वतः बोलावे आणि त्यांचे मसुदे गटाबाहेर जाणार नाहीत, याची हमी द्यावी. आयक्यूएसीकडेही उलट मागणी करावी : गटाच्या दीड तासात सदस्यांना पर्यवेक्षण, बदली तास किंवा समितीची बैठक लावू नये. ही मागणी पुढील सत्राचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी लेखी द्यावी, कारण वेळापत्रक एकदा फलकावर लागले की गटाची ती वेळ हमखास दुसऱ्या कोणाच्या तरी प्रात्यक्षिकाला गेलेली असते.