आधी सायकल, वजनाचं मग बघू

*ताई,*

*माझी मुलगी दहा वर्षांची आहे. उंची १३८ सेंटीमीटर, वजन ४७ किलो. गेली दोन वर्षं मी काय करायचं बाकी ठेवलंय? आहारतज्ज्ञांकडून तक्ता करून आणला. तिचं जेवण वेगळं करते. गोड सगळं कपाटात, कुलपात. दर रविवारी वजन करून वहीत लिहिते. धाकटा सात वर्षांचा, अगदी काडी, त्यामुळे त्याला सगळं चालतं. तर त्याच्यासाठी आणलेलं ही चोरून खाते. परवा दप्तरात चॉकलेटचे कागद सापडले, विचारलं तर धडधडीत खोटं बोलली. शाळेतून आली की मोबाईल घेऊन लोळते. बाहेर खेळायला जा म्हटलं की "कंटाळा आलाय". (सायकल होती, पण लहान पडायला लागली म्हणून मागच्या वर्षी धाकट्याला दिली. वजन ३८ वर आलं की नवी घेऊ, असं तिच्या बाबांनी कबूलही केलंय, तरी ढिम्म.) मी तिच्यासाठी एवढी झटते, पण तिलाच काही वाटत नाही. तिच्यात जिद्द कशी आणू?*

*— थकलेली आई*

जिद्दीचं नंतर. आधी त्या कंसातल्या सायकलबद्दल बोलू.

एवढ्या पत्रात तुम्ही ती दोन वाक्यांत उरकलीत, तीही मुलीला आमिषसुद्धा पुरत नाही याचा पुरावा म्हणून. मागच्या वर्षीपर्यंत या मुलीकडे सायकल होती. ती लहान पडली, कारण मुलगी उंच झाली. या सगळ्या प्रकरणात जी एक गोष्ट आपोआप, न सांगता, नीट चालली आहे ती म्हणजे तिची उंची, आणि तिचं बक्षीस म्हणून तिची सायकल गेली. आता संध्याकाळी धाकटा तीच सायकल घेऊन बाहेर पडत असणार. हिनं खेळायला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्याच्यामागे पळायचं, की कडेला उभं राहून बघायचं? "कंटाळा आलाय" हा तुम्हाला आळस वाटला. मला ते फार सभ्य उत्तर वाटलं. तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

आणि हो, मोबाईल घेऊन लोळणं. तुमच्या पत्रात ते वाक्य सायकलच्या आधी दोनच ओळींवर आहे. दोन्ही गोष्टी तुम्हीच लिहिल्यात, पण एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या नाहीत.

आता ती अट बघू. सायकल चालवली तर शरीर हलेल, हे तुम्हाला मान्य आहे. तरीही सायकल मिळणार वजन उतरल्यावर. आधी बरी हो, मग औषध देते, असं कुठली आई म्हणते का? बाबांनी हे कबूल केलं तेव्हा त्यांना ते उदारपणाचं वाटलं असेल. त्यांना जरा हिशेब करून दाखवा. ४७ वरून ३८ म्हणजे नऊ किलो, मुलीच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. बाबांना म्हणावं, तुम्हीही तुमच्या वजनाचा पाचवा हिस्सा उतरवा, आणि तोवर गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. बघा किती जिद्द येते ते.

यातली खरी गोम वेगळीच आहे. मूल ठरवून सायकल चालवू शकतं, ठरवून भूक असेल तेवढं जेवू शकतं, ठरवून रात्री वेळेवर झोपायलाही जाऊ शकतं (सांगावं लागतं, पण जातं). ठरवून ३८ किलोचं होऊ शकत नाही. वजन ही काही मुलाच्या हातातली कृती नव्हे. त्यात वारसा आहे, वाढीचा वेग आहे, वयात येण्याची तयारी आहे, झोप आहे आणि घरात काय शिजतं तेही आहे. दहा वर्षांच्या मुलीसमोर तिच्या हाती नसलेला आकडा ठेवायचा, दर रविवारी तो वहीत नोंदवायचा आणि तो हलला नाही की तिला काही वाटत नाही असं म्हणायचं! तिला वाटत नाही असं नाही, बाई. हरण्याची सवय झालेलं माणूस लांबून असंच ढिम्म दिसतं.

आणि तो ३८ चा आकडा आणला कुठून? कुणी डॉक्टरांनी दिला असेल असं मला वाटत नाही. वजनाकडे दुर्लक्ष करा असं मी सांगणार नाही, कारण ते खोटं ठरेल. तुमच्या आकड्यांवरून तिचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचं माप, २४.७ च्या आसपास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलीसाठी तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे. तुमची काळजी खरी आहे. पण मुलं वाढत असतात, आणि याचा फायदा मोठ्यांना मिळत नाही, त्यांनाच मिळतो. समजा दोन-अडीच वर्षांत ती १५० सेंटीमीटर झाली आणि वजन ४७ च राहिलं, तर तोच इंडेक्स २०.९ होतो. एक ग्रॅमही न उतरवता ती लठ्ठपणाच्या रेषेच्या बरीच खाली आलेली असेल. म्हणून या वयात डॉक्टर बहुतेक वेळा वजन उतरवण्याच्या मागे लागत नाहीत, ते आहे तिथं थोपवून धरायला सांगतात. वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणारच, ती निसर्गाची तयारी असते; त्यामुळे ४७ चं ४९ झालं म्हणून घरात सुतक नको. तुम्ही मात्र तिला उलट्या दिशेला नऊ किलो पळायला लावलंय, तेही सायकलशिवाय.

तेव्हा माझा पहिला सल्ला हा आहे. येत्या रविवारी वजनकाटा काढू नका. दुकानात जा आणि तिला तिच्या उंचीची सायकल घ्या. अट नाही, करार नाही, "आता तरी" नाही.

सायकलनं वजन झरझर उतरेल, अशा भ्रमात राहू नका. नुसत्या व्यायामानं वजन फार हलत नाही, खाण्याचा वाटा मोठा असतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दम लागेल असं काहीतरी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते बारीक मुलांनाही लागू आहे, तुमच्या धाकट्यालाही. त्यानं हृदय, हाडं, झोप, मूड सगळं सुधारतं, काटा हलो न हलो. आणि एक गोष्ट होते जी तुमच्या वहीत मावणार नाही: ज्या शरीराबद्दल तिनं दोन वर्षं फक्त तक्रारी ऐकल्या, ते तिला वेगानं कुठंतरी घेऊन जातं.

आता खाणं. इथं मी तुमच्याशी जरा कडक बोलणार आहे, कारण इथं तिचं काम फार थोडं आहे आणि तुमचं सगळं. तिचं जेवण वेगळं, त्याचं वेगळं. तिच्यासाठी कुलूप, त्याच्यासाठी "चालतं". एका घरात दोन कायदे केलेत, मग चोरी होणारच. १९९९ साली जेनिफर फिशर आणि लीअॅन बर्च या अमेरिकन संशोधिकांनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. खाऊ पारदर्शक बरणीत समोर ठेवला आणि ठरलेली थोडी मिनिटं सोडून तो घ्यायला बंदी केली. मुलं त्या बरणीबद्दलच बोलू लागली, तोच खाऊ मागू लागली, तो मिळवायची खटपट करू लागली. तुमचं कपाट म्हणजे तीच बरणी, वर एक भाऊ समोर बसून खातोय. दप्तरातल्या कागदांबद्दल तिला पुन्हा एक अक्षर विचारू नका. ज्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की बोलणीच बसणार, त्याला कुणीही खोटंच उत्तर देईल.

कुलूप काढा आणि कपाटातलं सामान कमी करा, सगळ्यांसाठी. जे घरात रोज नको, ते आणूच नका. कधीतरी आणलंत तर चौघांनी मिळून, ताटात वाढून, उघडपणे खा. गोड पेयं आधी बंद करा, फळांचे रससुद्धा, कारण ती पोट न भरता साखर देऊन जातात. जेवण एकच, सगळ्यांना तेच, शक्य तेव्हा एकत्र बसून आणि मोबाईल-टीव्ही बंद ठेवून. काय शिजेल आणि कधी वाढलं जाईल हे तुम्ही ठरवा. किती खायचं हे तिला ठरवू द्या. "पुरे" नाही, "अजून?" नाही, भुवईसुद्धा वर नाही. भुवई थांबवणं सगळ्यात कठीण जाईल तुम्हाला, पत्रावरून दिसतंच आहे. धाकटा काडी आहे म्हणून त्याला साखर मानवते असं समजू नका. त्याचे दात आणि त्याच्या सवयीही याच घरात घडताहेत.

हे मी मनाचं सांगत नाही. इस्रायलमध्ये मोरिया गोलान यांनी सहा ते अकरा वर्षांच्या लठ्ठ मुलांचे दोन गट केले. एका गटात मुलांना बोलावून शिकवलं. दुसऱ्यात मुलांना बोलावलंच नाही, फक्त आईवडिलांना बोलावलं. सात वर्षांनी पाहिलं तर ज्यांचे फक्त आईवडील शिकले होते, त्या मुलांच्यात सुधारणा जास्त टिकली होती. तुम्ही जिद्द विचारलीत ना? ती लागेल. तिला नव्हे, तुम्हा दोघांना.

झोपेचं दोन शब्दांत: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. कमी झोपेनं भूक वाढते. मोबाईल रात्री झोपायच्या खोलीबाहेर, बाबांचा पण.

बालरोगतज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. मानेच्या मागची किंवा काखेतली त्वचा काळसर, जाडसर झाली आहे का, ती झोपेत जोरात घोरते का, मध्येच श्वास अडल्यासारखा होतो का, गुडघा किंवा जांघ दुखून लंगडते का, सारखी तहान लागते का, हे आधी बघून ठेवा आणि विचारायची वाट न बघता सांगा. उंची वाढायची थांबून वजनच वाढत असेल तर वेगळ्या तपासण्या लागतात. तुमच्या मुलीची उंची वाढतेय, तेव्हा ती शक्यता कमी. वजन तिथं होईल, काही महिन्यांतून एकदा, डॉक्टरांसमोर. घरातला काटा माळ्यावर टाका. वही फेकून द्या. ती मोठी होऊन तिच्या हाती लागावी असं तुम्हालाही वाटत नसेल. आणि वजनाबद्दल घरात कुणी थट्टा करत असेल, मग ते आजोबा असोत की लाडका मामा, तर त्यांना मुलीसमोरच थांबवा. नंतर बाजूला घेऊन नव्हे. तिला ऐकू जायला हवं.

बाबांना वाटेल की अट मागे घेतली तर मुलगी डोक्यावर बसेल. त्यांना सांगा, आपण शब्द मोडत नाही आहोत, आपण चुकीची अट घातली होती ती रद्द करतो आहोत, आणि हे तिला त्यांनीच, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. छोटंसं सांगायचं. भाषण नको.

दुकानात तिला रंग निवडू द्या. सीटवर बसून पाय जमिनीला टेकतात का बघा. अगदी मोठी घेऊ नका, "दोन वर्षं टिकेल" म्हणून घेतलेली सायकल पहिल्या वर्षी भीतीनं पडून राहते. हेल्मेट दोन्ही मुलांना घ्या. पहिले काही दिवस ती निघाली नाही तर हाकलू नका. निघाली तर किती वेळ, किती फेऱ्या, हे मोजू नका.