गावठाणातल्या घराची वारसनोंद कुणाकडे?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गावठाणात जुनं घर आहे. वडील वारले. घराला आम्हा भावंडांची नावं लावायला ग्रामपंचायतीत गेलो, तर 'वारसनोंद तलाठ्याकडे होते' म्हणून परत पाठवलं. तलाठी म्हणाले, 'गावठाणाचा सातबारा नसतो, ग्रामपंचायतीत जा.' खरं कुणाचं? आणि एका गावाला दोन दोन कारभारी कशासाठी? – एक वाचक

उत्तर : तलाठ्यांचं खरं. सातबारा हे शेतसाऱ्याचं दप्तर. गावठाणाला सारा नाही, म्हणून सातबाराही नाही.

दोन कारभाऱ्यांचं म्हणाल, तर पूर्वी पाटील वसूल करी आणि कुलकर्णी दप्तर लिही. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात 1918 मध्येच कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं जायला 1950 चा कायदा यावा लागला. तलाठी तहसीलदाराच्या हाताखाली, तहसीलदार कलेक्टरच्या. ग्रामपंचायतीची वाट निराळी. तिचा सध्याचा कायदा 1958 चा. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामसेवक त्यांचा नोकर झाला. शाळा, दवाखाने, रस्ते परिषदेकडे आले, जमिनीचं दप्तर मात्र कलेक्टरकडेच राहिलं. माझ्या मते ती तेव्हाची अर्धवट वाटणी आहे, आणि तिचे हेलपाटे तुम्ही घालताय. अलीकडे दोघांची पदनामं बदलली. लोक अजून तलाठी-ग्रामसेवकच म्हणतात, मीही म्हणतो.

आता तुमचं काम. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी असताना दप्तर तपासणीला गेलो की आधी नमुना 8 मागायचो. हे घरपट्टीच्या आकारणीचं रजिस्टर. त्यात मालकाचा रकाना वेगळा, भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, वेगळा. मालक म्हणून कधीच वारलेले आजोबा, भोगवटादार म्हणून धाकटा चुलता, आणि घरपट्टी भरतो मुंबईचा पुतण्या, असे मासले पुष्कळ. तेव्हा आधी उतारा काढून दोन्ही रकाने वाचा. वडिलांचं नाव नेमकं कुठे आहे, त्यावर पुढचं ठरतं.

मग सगळ्या वारसांच्या सह्यांचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि घरपट्टीची पावती जोडून ग्रामपंचायतीत द्या. बहिणींची नावं गाळू नका. 'त्यांना काही नको' हे भावांनी परस्पर ठरवायचं नसतं. अर्ज मासिक सभेपुढे येतो, ठराव होतो, मग रजिस्टरला नोंद.

एक ध्यानात ठेवा : नमुना 8 हा कराचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. बँक कर्जाला तो चालवून घेईलच असं नाही. त्यासाठी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, लागते. ती गावठाणाची मोजणी झाल्यावर निघते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं, पुढे 2020 पासून स्वामित्व योजनेत देशभर तशी मोजणी निघाली. तुमच्या गावची झाली असेल, तर पत्रिकेवरची वारसनोंद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात होते. तो अर्ज वेगळा.

अर्ज तोंडी नको. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच द्यायलाच नकार मिळाला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना.