तेरा तासांची नोकरी आणि बावीसशे पौंडांचं पत्र

प्रश्न: ताई, नमस्कार. मी लंडनच्या हॅरोला राहते. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना स्मृतिभ्रंश झालाय. त्यांना अटेन्डन्स अलाउन्स (देखभाल लागणाऱ्या वृद्धांचा सरकारी भत्ता) मिळतो आणि त्यांचं सगळं मी करते म्हणून मला केअरर्स अलाउन्स (देखभाल करणाऱ्याचा भत्ता) मिळत होता. ३० सप्टेंबर २०२४ पासून मी एका शाळेच्या किचनमध्ये काम धरलं. आठवड्याला १३ तास, ताशी ११.४४ पौंड. कामाला लागण्याआधी भत्त्याच्या ऑफिसला फोन करून कळवलंही होतं. पुढे एक सहकारी ऑपरेशनमुळे रजेवर गेली, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिचे थोडे तास मी केले. आता १२ जानेवारीच्या तारखेचं पत्र आलंय. ३० सप्टेंबर २०२४ ते ६ एप्रिल २०२५ असे २७ आठवडे मला भत्ता देणं चूक होतं, म्हणून २२११ पौंड ३० पेन्स परत करा, वर ५० पौंड दंड. माझा पगार टॅक्स ऑफिसला दर महिन्याला कळतच होता ना? मग मी चोरी केली का? मी चोर नाही हो. मिस्टर म्हणतात, भरून टाक, कटकट नको, उगाच चोरीचा आळ नको. जाऊ बाजूला राहते, तिला कळलं तर गावभर होईल. भरून टाकू का? पेस्लिपांचे फोटो सोबत जोडले आहेत. (नाव छापू नये.)

उत्तर: तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, कारण हा अंक निघेपर्यंत फेरविचार मागायचा तुमचा महिना उलटून गेला असता. आता तेच सविस्तर लिहिते. अशी आणखी तीन पत्रं माझ्या टेबलावर आहेत.

आधी त्या शब्दाचं. छोट्याशा पत्रात तुम्ही ‘चोर’ आणि ‘चोरी’ मिळून तीनदा लिहिलंत. भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याने एकदाही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचून पाहिलं. जादा पैसे गेले असं ठरवणं वेगळं आणि फसवणुकीचा आरोप वेगळा. त्याला अप्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो आणि त्याची पत्रं निराळ्या भाषेत येतात. सल्लाकेंद्रात मी सोळा वर्षं बसले. एकदा एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत अकरा तपकिरी पाकिटं घेऊन आले होते, एकही फोडलेलं नव्हतं. लाजेपायी. पहिलं पाकीट फोडलं असतं तर काम एका पत्रात झालं असतं. तुम्ही निदान फोडलंत.

आता भरून टाकायचं का? नाही. आधी हिशोब करायचा. अशा पत्रात तीन प्रश्न एकात एक गुंतलेले असतात. पैसे खरोखरच जादा गेले का? गेले असतील तर ते तुमच्याकडून वसूल करता येतात का? आणि करता येत असतील तर कोणत्या हप्त्याने? आपली माणसं थेट तिसऱ्यावर उडी मारतात. मिस्टरांनी तेच केलंय. तुमच्या बाबतीत खरा जीव पहिल्या प्रश्नात आहे.

केअरर्स अलाउन्सची रचना डोंगरकड्यासारखी आहे. त्या वर्षी आठवड्याच्या कमाईची मर्यादा १५१ पौंड होती आणि भत्ता ८१ पौंड ९० पेन्स. मर्यादेच्या एक पेनी वर गेलात तर त्या आठवड्याचा भत्ता अख्खा जातो, पेनीपुरता नाही. (७ एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ झाली. तुमचं बिल बरोबर ६ एप्रिलला का थांबलं ते आता लक्षात येईल.) महिन्याचा पगार असेल तर बाराने गुणून बावन्नने भागतात. म्हणजे १५१ ची मर्यादा महिन्याला ६५४ पौंड ३३ पेन्स होते.

तुमच्या पेस्लिपा टेबलावर मांडल्या. ऑक्टोबर ६८६.४०, नोव्हेंबर ७४३.६०, डिसेंबर ५१४.८०, जानेवारी ५९४.८८, फेब्रुवारी ५१४.८०, मार्च ६२९.२०. सहा महिन्यांपैकी दोनच मर्यादेच्या वर. पत्रातला हिशोबाचा कागद पाहा, शेवटून दुसरं पान. त्यांनी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर घेतले, सरासरी ७१५ काढली, आठवड्याला १६५ ठरवले आणि तोच आकडा एप्रिलपर्यंत ओढत नेला. नाताळची सुट्टी नाही, फेब्रुवारीतली हाफ टर्मची सुट्टी नाही, काही नाही. शाळेचं किचन बंद असतं तेव्हा पगार नसतो, हे त्या कागदाला ठाऊकच नाही.

कमाई खालीवर होत असेल तर काय करायचं, हे १९९६ च्या नियमांत लिहिलेलं आहे. कामाचं चक्र ओळखू येत असेल तर ते चक्र धरायचं, नाहीतर पाच आठवडे, किंवा ज्याने आठवड्याची सरासरी जास्त अचूक निघेल असा दुसरा कालावधी. शाळेच्या कामाला चक्र नाही तर कशाला आहे? सहा महिन्यांची बेरीज ३६८३.६८, आठवडे २६. सरासरी १४१ पौंड ६८ पेन्स. मर्यादेच्या नऊ पौंड खाली. हे गणित मी तीनदा केलं, तुम्हीही करा.

सरासरी कोणती धरायची हे अधिकारी ठरवतो, तुम्ही नाही. म्हणून तो ‘हो’ म्हणेल असं गृहीत धरू नका. पण तुमचं पत्र बऱ्या वेळी आलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समीक्षक लिझ सेस यांचा या भत्त्याच्या वसुलीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. अशा खालीवर होणाऱ्या कमाईची सरासरी काढण्याबद्दल कर्मचाऱ्यांना दिलेल्या सूचनाच कायद्याला धरून नव्हत्या, हे त्यातून उघड झालं आणि सरकारने जुनी प्रकरणं पुन्हा तपासायचं मान्य केलं. तुमच्या पत्रात या अहवालाचा उल्लेख एका ओळीत करा. एकच ओळ. भाषण नको.

आता वजावटी. इथे माझी माणसं नेहमी पैसे सोडून येतात. १५१ ची मर्यादा स्लिपवरच्या सगळ्या पगाराला लागत नाही. आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स जातात (तुमचे कापलेच जात नाहीत, तेवढा पगार नाही). पेन्शनसाठी जे कापतात त्याचा अर्धा भाग जातो. तुमच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्लिपांवर सरासरी ३९ पौंड ३३ पेन्स दिसतात. अर्धे केले तर आठवड्याला साडेचार पौंड.

आणि फोनवर बोलता बोलता तुम्ही सहज म्हणालात, ‘आठवड्यातून दोन दुपारी शेजारची बाई येऊन बसते सासूबाईंजवळ, तिला आठवड्याचे वीस पौंड देते.’ अहो, हे पत्रात का नाही लिहिलंत? तुम्ही कामावर असताना ज्यांची देखभाल तुम्ही करता त्यांच्यासाठी दिलेला पैसाही कमाईतून वजा होतो, निव्वळ कमाईच्या अर्ध्यापर्यंत. अट एवढीच की घेणारी व्यक्ती तुमची किंवा सासूबाईंची जवळची नातेवाईक नको. तुमची नणंद बसली असती तर एक पेनी धरली नसती, कारण ती त्यांची मुलगी. शेजारीण चालते. म्हणजे खात्याचाच १६५ चा आकडा घेतला, तरी साडेचार आणि वीस गेल्यावर राहतात १४० पौंड ४६ पेन्स. त्यांच्या सगळ्यात वाईट दोन महिन्यांतही तुम्ही मर्यादेच्या आत आहात!

शेजारणीकडून दोन ओळी लिहून घ्या: कधीपासून, कोणत्या दिवशी, किती पैसे, सही आणि आजची तारीख. आजचीच. मागच्या तारखा घालून पावत्यांची चळत करू नका. खरं काम केलेल्या बाईचं खरं पत्र पुरतं, आणि खोटी पावती निघाली तर आज नसलेला आळ उद्या खरंच येईल. काही वेळा बँकेतून पैसे दिले असतील तर ते पान जोडा.

दुसरा प्रश्न, म्हणजे जादा गेलेच असतील तर वसुली कुणाकडून. इथे तुम्हाला थोडं कडू सांगते. ‘टॅक्स ऑफिसला कळत होतं’ हा तुमचा सगळ्यात आवडता मुद्दा आणि सगळ्यात लंगडा. २००५ मध्ये हिंची यांच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) सांगून टाकलं की सरकारच्या एका ऑफिसला माहीत आहे म्हणून दुसऱ्यालाही माहीत आहे असं धरून गप्प बसता येत नाही. जे ऑफिस तुमचा भत्ता बघतं, त्याला तुम्ही सांगायचं. केअरर्स अलाउन्सला १९९२ च्या कायद्याचं ७१ वं कलम लागतं. चुकीची माहिती दिली किंवा महत्त्वाची गोष्ट कळवली नाही, तरच वसुली. पण ‘मुद्दाम’ असण्याची गरज नाही. भाबडेपणाने राहून गेलं तरी ते राहून गेलंच.

तुमचा फोन म्हणून मोलाचा. नोकरी लागली, १३ तास, ताशी ११.४४, हे तुम्ही कळवलंत. त्या महिन्याचं फोनचं बिल काढा, तारीख आणि किती मिनिटं बोललात ते दिसेल. खात्याकडे तुमची जी काही नोंद आणि कॉलची टिपणं आहेत ती मागवा. डेटा संरक्षणाच्या कायद्याने तो तुमचा हक्क आहे, फी नाही, आणि साधारण महिन्याभरात द्यावी लागते. मात्र जादा तासांचं तुम्ही कळवलं नव्हतं. ते लपवू नका. ‘कळवलं नाही, कारण सुट्ट्या धरून सरासरी मर्यादेतच राहत होती’ असं सरळ लिहा. ५० पौंडांचा दंडही याच मुद्द्यावर उभा आहे. वाजवी कारण असेल तर तो लावता येत नाही, म्हणून त्यालाही आव्हान द्या. पत्रात त्याचं नाव वेगळं घ्या, नाहीतर तो मागे राहतो.

कृती. पत्राच्या तारखेपासून एक महिन्यात लेखी फेरविचार मागा. ते लोक त्याला मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन म्हणतात. पाकिटात खरं तर दोन निर्णय आहेत: भत्त्याचा हक्क नव्हता हा एक, आणि ते पैसे तुमच्याकडून वसूल होतील हा दुसरा. दोन्ही मान्य नाहीत असं लिहा. सोळा वर्षांत किती जणांनी फक्त दुसऱ्यावर भांडून पहिला तसाच सोडला, ते मोजलं नाही. बरेच. इंग्रजी साधं चालतं. पहिल्या परिच्छेदात गणित, दुसऱ्यात शेजारीण आणि पेन्शन, तिसऱ्यात फोन. सासूबाईंच्या आजाराचं वर्णन नको, तो वादाचा विषयच नाही. रजिस्टरने पाठवा, झेरॉक्स ठेवा.

फेरविचारातही नाही म्हणाले तर त्या निर्णयापासून आणखी एक महिना, आणि मग ट्रायब्युनल, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरण. तिथे फी नाही. खात्याबाहेरचे लोक ऐकतात. जादा पैसे गेले आणि ते वसूल होतात, हे दाखवायचं ओझं खात्यावर असतं, तुमच्यावर नाही. स्थानिक सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्लाकेंद्राकडे आत्ताच वेळ घ्या, तिथे रांग असते.

मिस्टरांना माझा निरोप: कटकट नको म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं तर खातं कोर्टात न जाताही मालकाला सांगून पगारातून कापू शकतं. मग शाळेत कळेल. जावेच्या कानावर जाण्यापेक्षा ते वाईट.

आणि काम सोडायचा विचार फोनवर बोललात तो सोडा. एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ झाली, १३ तास त्यात आरामात बसतात. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याचा पगार लिहीत जा, आणि जादा तास घेतलेत तर त्याच आठवड्यात कळवा.

प्रश्न: मी स्लाउला असतो. नोकरी लागल्यावरही थोडं युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाचा सरकारी भत्ता) मिळतं. माझ्या घरभाड्याचा आकडा त्यांच्याकडूनच चुकीचा नोंदवला गेला, मी बरोबर दिला होता. चूक त्यांची, तर पैसे मी का परत करायचे?

उत्तर: कारण युनिव्हर्सल क्रेडिटला वरचं ७१ वं कलम लागत नाही. २०१२ च्या सुधारणेपासून खात्याच्या चुकीने गेलेले पैसेही वसूल करता येतात. मला ते न्याय्य वाटत नाही, पण कायदा तसा आहे. तरी आकडा बरोबर आहे का ते तपासा आणि चूक असेल तर महिन्याभरात फेरविचार मागा. आकडा बरोबर निघाला तर वसुली माफ करण्याची विनंती करता येते. क्वचित मंजूर होते आणि तब्येतीचे, खर्चाचे कागद लागतात. ते होईपर्यंत हप्ता कमी करून घ्या. एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून अशा कपातींची एकूण मर्यादा साधारणपणे मूळ भत्त्याच्या २५ वरून १५ टक्क्यांवर आणलीय. तुमच्या स्टेटमेंटमध्ये किती कापतात ते आधी बघा, मला कळवा.