तेल घरचं, पेट्रोल बाहेरचं

प्रश्न : नायजेरिया आफ्रिकेतला मोठा तेल उत्पादक. स्वतःचे तेलशुद्धीकरण कारखाने असूनही तिथे वर्षानुवर्षं पेट्रोल जहाजाने बाहेरून का यायचं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : कारखाने होते, पण ते धड चालत नव्हते. पोर्ट हार्कोर्टला दोन, वॉरी आणि कादुनाला एकेक असे चार सरकारी कारखाने. मिळून क्षमता रोज 4 लाख 45 हजार बॅरल. एक बॅरल म्हणजे 159 लिटर.

कच्चं तेल तापवलं की लगेच पेट्रोल मिळतं, असं मात्र नाही. भट्टीत साधारण 350 ते 370 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते उंच मनोऱ्यात सोडतात. गॅस, नाफ्था (ज्यापासून पेट्रोल बनतं तो हलका भाग), केरोसीन, डिझेल वेगळं होतं, तळाशी जड भाग उरतो. नायजेरियाचं बॉनी लाइट तेल हलकं, गंधकही कमी, म्हणजे शुद्ध करायला सोपं. तरी त्यातला नाफ्था तसाच गाडीत भरला तर इंजिन नॉकिंग करतं, म्हणजे इंधन आपोआप पेटून ठकठक होते, कारण नाफ्थ्याचा ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची क्षमता सांगणारा आकडा) कमी असतो. रिफॉर्मर नावाच्या युनिटमध्ये सुमारे 500 अंशांना नाफ्था प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावरून) नेल्यावर ऑक्टेन 90 च्या वर जातो. हे एक युनिट बंद पडलं की मनोरा चालू असूनही पंपावर घालण्याजोगं पेट्रोल निघत नाही.

असे कारखाने तीन-चार वर्षं सलग चालवून मग मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवायचे असतात. दक्षिणेकडच्या नायजर डेल्टात, म्हणजे तेल निघतं त्या भागात, पाइपलाइन फोडून तेल चोरलं जाई, त्यामुळे पुरवठा सारखा तुटायचा. कादुना तर उत्तरेला, सुमारे 600 किलोमीटरच्या पाइपलाइनच्या टोकाला. दर बंद-चालूला धातू आकसतो, फुगतो आणि फ्लँजचे (बोल्टने आवळलेले) नळ्यांचे जोड गळू लागतात. भट्टीच्या नळ्यांत कोक (कोळशासारखा थर) धरला की उष्णता तेलापर्यंत पोचत नाही. नळीच जास्त तापते, फुगते आणि शेवटी फुटते.

दुरुस्ती वेळेवर का झाली नाही? आमच्या मते खरं दुखणं इथेच आहे. पंपावरचा दर सरकारने खर्चापेक्षा खाली बांधून ठेवलेला, फरक अनुदानातून भरायचा. त्यातून आयात सुरू राहिली, देखभालीला मात्र पैसा उरला नाही. हे अनुदान मे 2023 मध्ये बंद झालं.

भारताचं याच्या उलट आहे. आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, तरी जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून डिझेल परदेशी जातं. तिथे तेल समुद्रमार्गे कुठूनही आणता येतं. एका पाइपलाइनवर सगळं अडत नाही.

लागोसजवळ लेक्कीला रोज साडेसहा लाख बॅरल क्षमतेचा खासगी डांगोटे कारखाना उभा राहिला. जानेवारी 2024 मध्ये तिथे डिझेल, सप्टेंबरमध्ये पेट्रोल निघू लागलं. पण देशातलं कच्चं तेल पुरेसं मिळेना, म्हणून त्याला अमेरिकेतूनही तेल मागवावं लागलं.