शिक्षण वाढले की प्रदूषण घटते का?

प्रश्न : अर्थव्यवस्था वाढू लागली की आधी प्रदूषणही वाढते आणि उत्पन्नाने ठरावीक पातळी ओलांडली की ते आपोआप उतरू लागते, असे माझ्या वाचनात आले. मग लोकांचे शिक्षण, कौशल्य आणि आरोग्य यांचा या नात्यात नेमका वाटा किती?

उत्तर : आपण वाचलेली मांडणी ‘पर्यावरणीय कुझ्नेट्स वक्ररेषा’ या नावाने ओळखली जाते. विकासाबरोबर उत्पन्नातील विषमता आधी वाढते व नंतर घटते, असा तर्क अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये मांडला होता. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये सल्फर डायऑक्साइड आणि धूर यांच्याबाबत तसाच चढ-उतार दाखवला. मात्र आपल्या प्रश्नातला ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही. खुद्द या दोघांनीही हा उतार आपोआप येतो असे मानलेले नाही. तो माणसे घडवून आणतात, आणि म्हणूनच मानवी भांडवलाचा, म्हणजे आपण विचारलेल्या शिक्षण, कौशल्य व आरोग्य यांच्या एकत्रित बळाचा, प्रश्न मध्यवर्ती ठरतो.

कारखान्यातील एक बॉयलर डोळ्यांसमोर आणा. चिमणीतून काळा धूर निघतो, म्हणजे पुरेशी हवा न मिळाल्याने इंधन अर्धवट जळते आहे. हवा गरजेपेक्षा जास्त सोडली, तर धूर दिसत नाही, पण उष्णता वायूबरोबर चिमणीवाटे निघून जाते. धुरातील ऑक्सिजनचे प्रमाण वाचून हवेची झडप नेमकी किती उघडायची हे ज्याला कळते, तो प्रशिक्षित कामगार त्याच यंत्रावर इंधनही वाचवतो आणि काजळीही कमी करतो. नवे, स्वच्छ तंत्रज्ञान विकत आणता येते, पण ते चालवणारे हात आणि त्यातला दोष ओळखणारी नजर तयार व्हायला वर्षे लागतात. शिवाय मोजमापाचे आकडे समजणारे नागरिक असले, तरच नियम कागदावर राहत नाहीत.

तरीही शिक्षणाचा परिणाम एकाच दिशेने होत नाही. शिकलेला माणूस अधिक कमावतो, अधिक प्रवास करतो, अधिक वीज वापरतो. डोळे चुरचुरवणाऱ्या धुराविरुद्ध तो आवाज उठवतो, पण कार्बन डायऑक्साइड ना दिसतो ना झोंबतो, आणि त्याची झळ दूरच्या लोकांना व पुढच्या पिढ्यांनाही बसते. म्हणूनच या वायूच्या बाबतीत वक्ररेषेचा आधार फार कच्चा आहे.

माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची बाजू उलटी आहे, आणि तीच बहुधा दुर्लक्षित राहते : प्रदूषण स्वतःच मानवी भांडवल खाते. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या कामाच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जमिनीलगतच्या हवेतील ओझोन हा प्रदूषक वायू दर अब्ज भागांमागे १० भागांनी घटला की मजुरांची उत्पादकता सुमारे ५.५ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. हे मजूर आजारी म्हणून घरी बसलेले नव्हते. कामावर आलेल्या माणसांचेच काम मंदावत होते.

‘आधी श्रीमंत होऊ, मग स्वच्छता करू’ हे धोरण इथेच फसते, कारण पुढे स्वच्छता ज्यांच्या बुद्धीवर आणि बळावर करायची, त्यांचेच नुकसान आधी होते. शिशाचे उदाहरण पाहा. मोठ्या माणसाच्या मानाने मूल पोटात गेलेल्या शिशाचा कितीतरी अधिक भाग शोषून घेते, आणि त्यामुळे मेंदूच्या वाढीला झालेली इजा सहसा भरून येत नाही. अमेरिकेत १९२३ पासून शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले, आणि मोटारींसाठीची त्याची विक्री जगातून पूर्णपणे थांबायला २०२१ साल उजाडले. हवेतील शिसे त्या-त्या देशात झपाट्याने घटले, परंतु त्या धुरात वाढलेली मुले तोवर शाळा संपवून कामाला लागली होती.