प्रथिनाच्या आकारामुळे पेशीपटल खरंच वाकतं का, की पुस्तकातलं चित्र तेवढं तसं असतं?

हो, खरंच वाकतं. फक्त त्या आकाराला विद्युतभाराची जोड लागते. बडोद्यात एम.एस्सी.च्या वर्गाला मी हाच भाग शिकवते, आणि सुरुवात ॲम्फिफायसिनपासून करते. फळमाशीतल्या या प्रथिनाच्या 'बार' नावाच्या, पटलाला चिकटणाऱ्या भागाची स्फटिकरचना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दोन रेणू एकमेकांना बिलगून केळ्यासारखा बाकदार जोड करतात. बाकाच्या आतल्या बाजूवर लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांचा धनभार, पटलाच्या मेदांवर ऋणभार. त्यामुळे पटल बाकाला चिकटतं आणि तसाच वळसा घेतं. शिवाय प्रथिनाच्या टोकाचा छोटा सर्पिल तुकडा पाचरीसारखा शिरतो. पटल मेदांच्या दोन थरांचं असतं, आणि तो त्यातल्या वरच्या थरातच शिरतो. दोन थरांपैकी एकातच गर्दी झाली की पटल वाकणारच. मुलं नेमकी ही पाचर विसरतात, आणि माझ्या मते ती बाकाइतकीच महत्त्वाची आहे. या भागाचा 'आय-बार' हा प्रकार असलेल्या प्रथिनांत धनभार फुगीर बाजूवर असतो, म्हणून तिथे पटल उलट दिशेला, पेशीच्या बाहेर बोटासारखं निघतं. मात्र प्रथिन विरळ असेल किंवा पटल फार ताणलेलं असेल, तर प्रथिन पटलाला वाकवण्याऐवजी बहुधा आधीच वाकलेल्या जागी जाऊन बसतं.